'ब्लॅडरची प्रोसिजर झाली की सात दिवस गोळ्या': त्या मेसेजमधला एकेक दावा तपासून

मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णांच्या घरोघरी सध्या व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज पोचलाय. मला तो तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाला चारच दिवसांनी ब्लॅडरमध्ये (मूत्राशयात) बोटॉक्सचं, म्हणजे त्याचा स्नायू सैल करणारं, इंजेक्शन घ्यायचं होतं, म्हणून हे तातडीनं लिहितोय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ब्लॅडरची दुर्बिणीतून तपासणी, युरोडायनॅमिक (ब्लॅडरमधला दाब मोजायची तपासणी), बोटॉक्स यांपैकी काहीही झालं की त्या दिवसापासून सात दिवस अँटिबायोटिक घ्यायचंच. सगळ्यात खात्रीचं म्हणजे अमिकॅसिनचं इंजेक्शन. लघवी गढूळ दिसली, वास आला किंवा रिपोर्टमध्ये पस सेल्स (पांढऱ्या पेशी) आले की लगेच दुसरा कोर्स. सीआयसी, म्हणजे दर काही तासांनी कॅथेटर (बारीक नळी) घालून लघवी काढणं, बंद करून दोन-तीन आठवडे नळी आतच ठेवून द्यायची. रोज पाच लिटर पाणी आणि क्रॅनबेरीचा रस. आणि जळजळ होत नसेल तर इन्फेक्शन नाही, निर्धास्त राहा.

मी डॉक्टर नाही. माझी दुखापत डी-टेनची (पाठीच्या दहाव्या मणक्याची) आहे आणि गेली १५ वर्षं मी दिवसातून पाच-सहा वेळा कॅथेटर घालून लघवी काढतो.

सात दिवसांपासूनच सुरुवात करू. हा आकडा कुठून आला असावा, याचा मला एक अंदाज आहे. बोटॉक्सच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात लिहिलंय की ब्लॅडरमध्ये इंजेक्शन देण्याआधी १ ते ३ दिवस, त्या दिवशी, आणि नंतर १ ते ३ दिवस अँटिबायोटिक द्यावं. जास्तीत जास्त दिवस धरून बेरीज केली तर सात होतात. पण त्यातले तीन आधीचे आहेत! मेसेज लिहिणाऱ्यानं ते उचलून नंतरच्या खात्यात टाकले आणि सगळी गडबड तिथेच झाली. बोटॉक्स देताना ब्लॅडरच्या भिंतीला साधारण ३० ठिकाणी टोचतात. आपल्यासारख्यांच्या लघवीत जंतू बहुतेक वेळा असतातच, आणि टोचल्याबरोबर त्यांना रक्तात शिरायला वाट मिळते. औषध त्या क्षणी शरीरात हजर हवं. घरी येऊन, जेवून मग पहिली गोळी घेणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

म्हणून खरं काम तारखेच्या आधीचं आहे. काही दिवस आधी लघवीचं कल्चर (कुठले जंतू आहेत ते वाढवून बघायची तपासणी) करायचं. तो नमुना नव्या कॅथेटरमधून घ्यायचा, पिशवीतून नाही, कारण पिशवीत जंतू वाढलेले असतात. कुठलं औषध लागू पडतं हे रिपोर्टमध्ये येतं आणि त्यावरून डॉक्टर औषध ठरवतात. 'इन्फेक्शस डिसीझेस सोसायटी ऑफ अमेरिका' या तिथल्या संसर्गतज्ज्ञांच्या संस्थेचं २०१९ चं मार्गदर्शन तर आणखी काटेकोर आहे. ज्या दुर्बिणीच्या प्रोसिजरमध्ये आतल्या त्वचेला इजा होणार, त्याआधी लघवी तपासा, जंतू असतील तर नेमकं औषध द्या, आणि तेही एक किंवा दोन डोस, पहिला प्रोसिजरच्या अर्धा ते एक तास आधी. तुमच्या डॉक्टरांनी तुमचं कल्चर, किडनी, खडे, आधीचे ताप बघून जास्त दिवस लिहून दिले असतील, तर ते मात्र मनानं बंद करू नका. माझा वाद फॉरवर्ड मेसेजशी आहे, तुमच्या केसपेपरशी नाही.

'घेतल्या जास्त गोळ्या तर बिघडलं काय?' हा प्रश्न मला दर वेळी ऐकायला लागतो. ब्रिटनमध्ये सीआयसी करणाऱ्या ४०४ जणांवर एक मोठी चाचणी झाली, २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना वर्षभर रोज कमी डोसचं अँटिबायोटिक दिलं. इन्फेक्शन ४८ टक्क्यांनी कमी झालं, हे मी लपवणार नाही. पण वर्षाच्या शेवटी त्याच लोकांच्या लघवीतले जंतू नेहमीच्या गोळ्यांना जास्त प्रमाणात दाद देईनासे झाले होते. आपल्या बाबतीत याचा अर्थ फार सरळ आहे. आपल्याला पुढची ३०-४० वर्षं कॅथेटर वापरायचाय, दर काही महिन्यांनी बोटॉक्स पुन्हा घ्यायचंय. ज्याच्या जंतूंवर तोंडाने घ्यायची एकही गोळी चालत नाही, त्याला साध्या प्रोसिजरसाठीसुद्धा शिरेतून औषध घ्यायला भरती व्हावं लागतं. आणि गल्लीतल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सेफिक्झाइमची पट्टी आणायची सवय तर सोडाच. १ मार्च २०१४ पासून ते शेड्यूल एच-१ मध्ये आहे, दुकानदाराला चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते.

अमिकॅसिनचा सल्ला मला सगळ्यात धोकादायक वाटला. बोटॉक्सचं काम काय, तर मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप अडवायचा. अमिकॅसिन आणि जेन्टामायसिन ज्या गटातली आहेत, ती औषधंही तोच निरोप कमजोर करतात, म्हणजे बोटॉक्सचा परिणाम नको तितका वाढू शकतो. म्हणूनच त्या माहितीपत्रकात अँटिबायोटिक द्या म्हणताना हा गट वगळा असं स्पष्ट म्हटलंय. शिवाय ही औषधं किडनी आणि कानांवर परिणाम करू शकतात. आपला रोजचा सगळा आटापिटा किडन्या सांभाळण्यासाठी चाललेला असताना, कुणाच्या फॉरवर्डवरून कंपाउंडरकडून हे टोचून घेऊ नका.

पस सेल्स आणि वास. कॅथेटर रोज आत जातो, त्याच्याबरोबर जंतूही जातात आणि तिथे वस्ती करतात. पांढऱ्या पेशी त्यांच्यामागे येणारच. त्रास नसताना फक्त रिपोर्ट वाईट आहे म्हणून मज्जारज्जूच्या रुग्णाला अँटिबायोटिक देऊ नये, किंबहुना त्रास नसताना तपासणीच करू नये, असं त्याच २०१९ च्या मार्गदर्शनात आहे. अपवाद प्रोसिजरच्या आधीचा, जो वर सांगितला. मी स्वतः पहिली तीन-चार वर्षं दर महिन्याला रिपोर्ट काढून दर महिन्याला गोळ्या खाल्ल्या. तेव्हा कुणी थांबवलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

आता नळीचं. सीआयसी बंद करून फोली (आतच राहणारी नळी) ठेवायची, हा सल्ला ऐकायला आरामाचा वाटतो, पण आत ठेवलेल्या नळीवर जंतूंचा चिकट थर चढतो. नळी असताना दर दिवसामागे लघवीत जंतू येण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते, महिन्याभरात ते जवळपास प्रत्येकाच्या लघवीत असतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जॅक लॅपिडेस यांनी १९७२ साली साध्या, स्वच्छ हातांनी कॅथेटर घालून लघवी काढायची पद्धत मांडली. निर्जंतुक हातमोजे वगैरे काही नाही, तेव्हा अनेकांना ते अंगावर काटा आणणारं वाटलं. त्यांचं म्हणणं असं की जंतू आत जातात ही मुख्य अडचण नाहीच. ब्लॅडर फुगून ताणलं की भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मग ती जंतूंपुढे हरते. म्हणून वेळेवर रिकामं करणं जास्त महत्त्वाचं. बोटॉक्सनंतर तर ब्लॅडर आणखी सैल पडतं, लघवी तुंबण्याची शक्यता वाढते. जे आधी थोडंफार आपणहून करत होते त्यांनाही सीआयसी करावं लागू शकतं, ते आधीच शिकून ठेवलेलं बरं. डॉक्टरांनी रक्त येतंय म्हणून एखादी रात्र नळी ठेवली तर ठेवू द्या. कधी काढायची तेवढं विचारून घरी या.

पाच लिटर पाण्याचा हिशेब करून बघा. एका वेळी ४००-५०० मिलीपेक्षा जास्त साठू द्यायचं नाही, असं आपल्याला शिकवलेलं असतं. घामात काही गेलं तरी रोज दहाएक वेळा कॅथेटर घालावा लागेल, रात्रीसुद्धा. तो कोण घालणार? नाही घातला, तर लॅपिडेस म्हणाले तेच ताणलेलं ब्लॅडर. तहान भागेल आणि लघवी फिकट राहील इतकं पाणी पुरे. क्रॅनबेरीबद्दल कॉक्रेन या उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०२३ चा आढावा आहे: वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांना आणि मुलांना फायदा दिसला, पण मज्जातंतूंच्या आजारामुळे ब्लॅडर पूर्ण रिकामं न होणाऱ्या मोठ्या माणसांना दिसला नाही. महागडी बाटली आणू नका. धने-जिऱ्याचं पाणी आवडत असेल तर प्या, उन्हाळ्यात बरं वाटतं, पण ते औषध नव्हे.

शेवटचा दावा, जळजळीचा. ज्याला कमरेखाली संवेदनाच नाही त्याला उन्हाळी लागलेली कळणार कशी? आपल्या खुणा वेगळ्या. थंडी वाजून ताप, पाय अचानक जास्त आखडणं, दोन कॅथेटरच्या मध्ये नव्यानं लघवी गळणं, कारण नसताना गळून गेल्यासारखं वाटणं. प्रोसिजरनंतर यातलं काही झालं, तर पहिला डोस घेण्याआधी कल्चरचा नमुना द्या. थंडीताप असेल तर रिपोर्टची वाट बघत घरी थांबू नका.

आणि ज्यांची दुखापत डी-सिक्स किंवा त्याच्या वर आहे त्यांच्या घरच्यांनी हे नीट वाचा. डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, दुखापतीच्या वरच्या अंगाला दरदरून घाम आला, तर माणसाला ताबडतोब बसतं करा, पट्टा आणि घट्ट कपडे सैल करा, ब्लॅडर रिकामं करा, नळी असेल तर ती पिळलीय का बघा. हे बीपी एकदम चढल्याचं लक्षण आहे. इन्फेक्शननं हे होतं, दुर्बिणीच्या वेळी ब्लॅडरमध्ये पाणी भरतानाही होतं, म्हणून टेबलावर घेण्याआधीच तिथल्या डॉक्टरांना सांगून ठेवा. तेवढ्यानं उतरलं नाही तर थेट कॅज्युअल्टी गाठा. तिथे बीपी १४० बघून कुणीतरी 'ठीक आहे' म्हणेल. त्यांना सांगा, याचं रोजचं बीपी ९५ असतं, म्हणजे १४० याच्यासाठी फार जास्त आहे.