मेट्रोनोमचं श्रेय विंकेलला द्या

मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र, वापरणाऱ्यांमध्ये एक मजकूर गेली काही वर्षं हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: "योहान नेपोमुक मेल्झेल या जर्मन कारागिराने मेट्रोनोमचा शोध लावला. बीथोव्हन इतका खूश झाला की त्याने आठव्या सिम्फनीत त्या यंत्राची टिकटिक कायमची गुंफून ठेवली. पुढे मेल्झेलने बीथोव्हनचीच एक रचना चोरली. बुद्धिबळ खेळणारं यंत्रही त्याचंच. त्या यंत्राने नेपोलियनला हरवलं, आणि त्याचं बिंग शेवटी एडगर ॲलन पो या लेखकाने फोडलं."

मी मुलांना पेटी आणि कीबोर्ड शिकवते. मेट्रोनोम रोज हाताशी असतो, त्यामुळे तो कुणाचा हे चुकीचं सांगितलेलं मला मनापासून खुपतं. त्या मजकुराच्या क्रमानेच जाते.

"मेल्झेलने मेट्रोनोमचा शोध लावला." नाही. तो डिट्रिख निकोलाउस विंकेलने लावला, १८१४ मध्ये, ॲमस्टरडॅमला. विंकेल जन्माने जर्मन, धंद्याने ऑर्गन आणि यंत्रवाद्यं बनवणारा. त्याने नेमकं काय केलं हे समजलं तरच त्याचं मोठेपण कळतं. साधा लंबक मिनिटाला ६० ठोके देणारा हवा असेल तर त्याची लांबी जवळजवळ एक मीटर ठेवावी लागते. ४० ठोक्यांची संथ लय हवी असेल तर सव्वादोन मीटर! पेटीवर ठेवायचं सोडा, तो टांगायला आढ्याचा वासा शोधावा लागेल. विंकेलने दांडीची कील मधे घेतली. खाली एक जड वजन पक्कं बसवलं आणि वरच्या टोकाकडे एक लहान, सरकतं वजन दिलं. वरचं वजन जितकं वर न्याल तितकी खालच्या वजनाची ओढ ते खाऊन टाकतं आणि झोका रेंगाळतो. खाली आणलंत की लय चढते. वीतभर दांडीत विलंबितही आलं आणि द्रुतही. घरातल्या टेबलावर मावणारा मेट्रोनोम या एका कल्पनेमुळे शक्य झाला.

मेल्झेल त्याच्या आधीपासून लय मोजणारं यंत्र बनवायच्या खटपटीत होता, पण त्याचं यंत्र दुसऱ्या धर्तीचं होतं. १८१५ मध्ये तो ॲमस्टरडॅमला गेला, विंकेलचं यंत्र पाहिलं आणि विकत मागितलं. विंकेलने नकार दिला. मेल्झेलने तेच तत्त्व उचललं, दांडीमागे मिनिटाला किती ठोके हे सांगणारी आकड्यांची पट्टी लावली, त्याच वर्षी पॅरिस आणि लंडनमध्ये पेटंट घेतलं आणि १८१६ मध्ये पॅरिसला कारखाना काढला. विंकेलने दाद मागितली, तेव्हा १८२० मध्ये नेदरलँड्सच्या शाही विज्ञान संस्थेने प्रकरण तपासून मूळ कल्पना विंकेलची असल्याचा निर्वाळा दिला. तोवर यंत्र मेल्झेलच्या नावाने युरोपभर पोचलं होतं. स्वरलिपीच्या डोक्यावर आजही 'एम.एम.' छापतात, ते 'मेल्झेलचा मेट्रोनोम' म्हणून.

पट्टीचं श्रेय मात्र मी मेल्झेलला पूर्ण देते, आणि ते लहान नाही. झोका मोजता येणं वेगळं, आणि व्हिएन्नाच्या रचनाकाराने लिहिलेला आकडा लंडनच्या वादकाला तसाच वाजवता येणं वेगळं. 'जरा जलद', 'सावकाश' या शब्दांच्या जागी आकडा आला तो या पट्टीमुळे. रचनाकारांना गाठून ते यंत्र वापरायला लावलं तेही मेल्झेलनेच. बीथोव्हनने १८१७ मध्ये आपल्या तोवरच्या आठही सिम्फनींचे लयीचे आकडे छापून प्रसिद्ध केले, ते त्याच्याच यंत्रावर काढलेले.

"आठव्या सिम्फनीत मेट्रोनोमची टिकटिक आहे." ही गोष्ट इतकी गोड आहे की जाणकारही ती सांगतात. दुसऱ्या भागात लाकडी सुषिर वाद्यांचे सारख्या अंतरावरचे ठोके ऐकू येतात, म्हणून ती पटतेही. पण तारखा पाहा. ती सिम्फनी बीथोव्हनने १८१२ मध्ये पूर्ण केली, आणि मेल्झेलचा मेट्रोनोम आला १८१५ मध्ये. पुरावा म्हणून दाखवतात तो एक छोटा विनोदी कॅनन, म्हणजे एकाच ओळीवर एकामागून एक आवाज दाखल होत जातात असं गाणं. 'ता ता ता' असे बोल, प्रिय मेल्झेलला निरोप, आणि शेवटी त्याला 'थोर मेट्रोनोम' अशी हाक. तो १८१२ च्या एका निरोपाच्या जेवणात सुचला अशी कथा आहे. मेल्झेलच्या यंत्राला अजून ते नावच पडलेलं नव्हतं, तर बीथोव्हनच्या तोंडी तो शब्द आला कुठून? कथा सांगणारा होता अँटोन शिंडलर, बीथोव्हनचा एकेकाळचा मदतनीस आणि नंतरचा चरित्रकार. ऐकू येईनासं झाल्यावर बीथोव्हनशी लोक वहीत लिहून बोलत. त्या वह्यांत शिंडलरने बीथोव्हनच्या मृत्यूनंतर खोटे संवाद घुसडले, हे १९७० च्या दशकात अभ्यासकांनी उघड केलं. हा कॅननही त्यानेच रचला असावा असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. ज्यांना तो भाग ऐकताना घड्याळ आठवतं त्यांना खुशाल आठवू दे. मेट्रोनोमशी त्याची सांगड घालायला मात्र आधार उरलेला नाही.

"मेल्झेलने बीथोव्हनची रचना चोरली." हे अर्धवट सत्य आहे, आणि इथे मला मेल्झेलची बाजू मांडावीशी वाटते. त्याचं पॅनहार्मोनिकॉन नावाचं एक अवाढव्य यंत्र होतं. भाता, नळ्या, ढोल, झांजा, आणि या सगळ्यांना हुकूम देणारा खिळ्यांचा फिरता दंडगोल. अख्खं लष्करी बँडपथक एका कपाटात. जून १८१३ मध्ये स्पेनमधल्या व्हिटोरियाला इंग्रज सेनापती वेलिंग्टनने फ्रेंच सैन्याचा पराभव केला. त्यावर या यंत्रासाठी रचना कर, ही कल्पना मेल्झेलने बीथोव्हनला दिली. इग्नात्स मोशेलेस हा संगीतकार त्या दिवसांत मेल्झेलकडे जात असे. रचनेचा आराखडा, दोन्ही सैन्यांची वेगवेगळी ढोल-तुताऱ्यांची सलामीसुद्धा, मेल्झेलने आखून दिला होता, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मग ती वाद्यवृंदासाठी विस्तारली आणि डिसेंबर १८१३ मध्ये व्हिएन्नात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी वाजली. त्याच मैफलीत सातवी सिम्फनी पहिल्यांदा लोकांपुढे आली, आणि मेल्झेलचा तुतारी वाजवणारा यांत्रिक शिपाईही मंचावर होता. नंतर मेल्झेलने बीथोव्हनला न विचारता ती रचना म्युनिकला सादर केली. हे चुकलंच. बीथोव्हनने खटला भरला. पण १८१७ मध्ये दोघांनी समेट केला आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला. कानाला लावायचे कर्णे बीथोव्हनला मेल्झेलनेच करून दिले होते. ते आज बॉनमध्ये बीथोव्हनच्या जन्मघरी जपून ठेवलेले आहेत. चोर या एका शब्दात हे सगळं बसत नाही.

"बुद्धिबळ खेळणारं यंत्र मेल्झेलचं." ते वोल्फगांग फॉन केम्पेलेनने १७६९ मध्ये बनवलं, म्हणजे मेल्झेल जन्मायच्या तीन वर्षं आधी. केम्पेलेन १८०४ मध्ये वारल्यावर मेल्झेलने ते त्याच्या मुलाकडून विकत घेतलं. पगडी घातलेला तुर्काचा बाहुला, पुढे चाकांनी भरलेली पेटी, आणि आत सरकत्या आसनावर बसलेला हाडामांसाचा खेळाडू. मेल्झेलची भर म्हणजे बाहुल्याला दिलेला आवाज. तो फ्रेंचमध्ये 'शह' म्हणायचा.

नेपोलियनचं म्हणाल तर १८०९ मध्ये व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात तो या तुर्कासमोर बसला आणि हरला. पेटीत होता योहान आल्गायर, बुद्धिबळावर पुस्तक लिहिणारा कसलेला खेळाडू. हरवलं त्याने.

"पोने बिंग फोडलं." पोचा निबंध १८३६ चा. पुढे केंब्रिजला प्राध्यापक झालेल्या रॉबर्ट विलिसने १८२१ मध्येच पेटीची मापं घेऊन आत माणूस कसा मावतो हे छापलं होतं. १८२७ मध्ये बाल्टिमोरला दोन मुलांनी छपरावरून पाहिलं, की खेळ संपल्यावर पेटीतून माणूस बाहेर येतो, आणि ती बातमी वर्तमानपत्रातही आली. पोचं निरीक्षण तीक्ष्ण होतं: मेल्झेलबरोबर फिरणारा श्लुम्बर्गर (तेव्हा पेटीत बसणारा खेळाडू तोच) खेळाच्या वेळी कधीच दिसत नाही, हे त्याने हेरलं. पण खरं यंत्र असतं तर ते प्रत्येक डाव जिंकलंच असतं, हा त्याचा युक्तिवाद चुकीचा होता. माणूस तुर्काच्या धडात बसतो हा अंदाजही चुकला.

१८३८ मध्ये हवानाला श्लुम्बर्गर पिवळ्या तापाने गेला. त्याच जुलैमध्ये अमेरिकेला परतताना मेल्झेल जहाजावरच वारला आणि त्याला समुद्रातच मूठमाती मिळाली. खेळ दाखवण्यात त्याचा हात धरणारा त्या काळी क्वचितच कुणी असेल.

विंकेल १८२६ मध्येच गेला होता. मेट्रोनोमचं नाव हातचं गेल्यावर, १८२१ मध्ये, त्याने कॉम्पोनियम नावाचं यंत्र पूर्ण केलं. त्यात दोन दंडगोल आहेत. त्यातला पहिला दोन मात्राखंड वाजवतो तेवढ्यात दुसरा गप्प राहून जागा बदलतो, आणि कुठली जागा घ्यायची हे एक फिरतं चाक ठरवतं. त्यामुळे एकाच धुनेची नवी नवी रूपं आपोआप निघत राहतात. ते ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात आहे. माझ्या वर्गात कुणी 'एम.एम.' म्हणजे काय असं विचारलं, की मी मेल्झेलचं नाव सांगते आणि लगेच फळ्यावर विंकेलचं लिहिते.