इयान राइटची कारकीर्द टाकीच्या घावांनी घडलेली नाही

इंग्लंडचा माजी फुटबॉलपटू इयान राइट याच्याबद्दल लिहिताना बहुतेक लोक एक ठरलेली मांडणी करतात. दक्षिण लंडनच्या गरीब वस्तीतला मुलगा, घरात छळ, तरुण वयात तुरुंगवास आणि या सगळ्यातून तावूनसुलाखून निघालेला, आर्सेनल या लंडनच्या क्लबचा विक्रमवीर. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे जणू त्याच्याकडे पाहूनच कुणी म्हटले असावे, असा त्या लिखाणाचा सूर असतो. मला हा सूर मुळीच मान्य नाही. राइटची कारकीर्द जितकी बारकाईने पाहावी तितके एकच दिसत जाते, की घावांनी त्याची वर्षे खाल्ली आणि त्याला घडवले ते वेळेवर भेटलेल्या मोजक्या माणसांनी.

राइटचा जन्म १९६३ चा. ब्रॉकली भागातल्या ऑनर ओक वसाहतीत तो वाढला. शनिवारी रात्री बीबीसीवर ‘मॅच ऑफ द डे’ हा फुटबॉलचा कार्यक्रम लागला, की सावत्र वडील त्याला भिंतीकडे तोंड करून उभे करत असत, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. मुलाने आवाज ऐकायचा, चित्र पाहायचे नाही. अशा वागणुकीतून जिद्द निर्माण होते असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या मुलाच्या शाळेतल्या वर्तनाकडे पाहावे. तो चिडका होता, वर्गाबाहेर काढला जात असे आणि त्याला धड लिहितावाचताही येत नव्हते.

त्या शाळेत सिडनी पिग्डेन नावाचे शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक राहिलेल्या या गृहस्थांनी वर्गाबाहेर उभ्या असलेल्या मुलाला जवळ केले, लिहायला-वाचायला शिकवले आणि शाळेतली छोटी छोटी कामे विश्वासाने त्याच्यावर सोपवली. फुटबॉलच्या दृष्टीने त्यांनी दिलेला धडा तर मला फारच मोलाचा वाटतो. हा मुलगा चेंडू दिसला की जीव खाऊन लाथ मारत असे. पिग्डेन सरांनी त्याला इंग्लंडचा नामवंत गोलवीर जिमी ग्रीव्ह्ज याचे उदाहरण दिले. ग्रीव्ह्ज गोल करताना ताकद लावत नसे, चेंडू सहकाऱ्याला पास द्यावा तितक्या शांतपणे तो जाळ्यात सोडत असे.

पुढे राइटने केलेले गोल या धड्याच्या उजेडात पाहावेत. ऑगस्ट १९९३ मध्ये हायबरी या आर्सेनलच्या तेव्हाच्या मैदानावर त्याने एव्हर्टनविरुद्ध केलेला गोल कुणीही शोधून पाहावा. मागून लांब आलेला चेंडू त्याने पळता पळता काबूत घेतला, बचावपटू मॅट जॅक्सनच्या अंगावरून एकदा उचलला, तो परत आडवा आल्यावर पुन्हा उचलला आणि पुढे आलेल्या नेव्हिल साउथॉलच्या डोक्यावरून अलगद जाळ्यात टाकला. साउथॉल त्या काळातल्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक. पेनल्टी बॉक्समध्ये बचावपटू अंगावर आलेला असताना भल्याभल्या स्ट्रायकरांची घाई होते. बाकी ९० मिनिटे पंचांशी, प्रतिस्पर्ध्यांशी आणि कधी कधी स्वतःशीच भांडणारा राइट नेमक्या त्या क्षणी मात्र निवांत होत असे. हा निवांतपणा हालअपेष्टांतून येत नाही, तो कुणीतरी शिकवावा लागतो.

शाळा सुटल्यावर पुन्हा असे माणूस भेटायला बरीच वर्षे गेली. काही क्लबांनी चाचणी घेऊन त्याला परत पाठवले. एकोणीस वर्षांचा असताना वाहनाच्या विम्यासंबंधीचे दंड न भरल्यामुळे चेम्सफर्डच्या तुरुंगात त्याला दोन आठवडे काढावे लागले. त्यानंतर गिलाव्याची कामे, मजुरी, पदरात लहान मुले आणि रविवारच्या हौशी लीगमधले सामने, असे त्याचे आयुष्य चालले होते. क्रिस्टल पॅलेस या दक्षिण लंडनच्या क्लबकडून चाचणीचे बोलावणे आले तेव्हा तो आधी जायलाच तयार नव्हता, कारण कामाचे दिवस बुडाले तर घर कसे चालवायचे आणि पुन्हा नकारच आला तर काय, हे प्रश्न त्याच्यापुढे होते. पॅलेससाठी नवे खेळाडू शोधणारे स्काउट पीटर प्रेन्टिस यांनी त्याला हेरले आणि व्यवस्थापक स्टीव्ह कॉपेल यांनी ऑगस्ट १९८५ मध्ये करार दिला. त्याच्या जुन्या क्लबाला, ग्रेनिच बरोला, मोबदल्यात व्यायामाचे साहित्य मिळाले असे सांगतात. राइट तेव्हा बाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. इंग्लंडमध्ये ज्या वयात खेळाडूच्या नावावर पहिल्या संघाचे शंभर सामने जमा झालेले असू शकतात, त्या वयात हा पहिल्यांदा पगारी फुटबॉलपटू झाला.

पॅलेसमध्ये स्ट्रायकर मार्क ब्राइटबरोबर त्याची जोडी जमली. १९८९ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत गेला आणि पुढच्याच वर्षी एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. त्या मोसमात पाय मोडल्यामुळे राइट उपांत्य सामन्याला मुकला होता. वेम्बलीवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध तो राखीव खेळाडूंत बसला. संघ १-२ असा मागे असताना तो मैदानात उतरला, काही मिनिटांत त्याने बरोबरी साधली आणि जादा वेळेत संघाला आघाडीही मिळवून दिली. सामना ३-३ सुटला आणि फेरसामना पॅलेसने ०-१ असा गमावला. त्याचा पदकांचा हिशेब मांडणाऱ्यांना ही संध्याकाळ दिसणार नाही, पण माझ्या मते तीच त्याची सर्वांत मोठी संध्याकाळ होती.

सप्टेंबर १९९१ मध्ये आर्सेनलने त्याच्यासाठी २५ लाख पौंड मोजले. क्लबच्या इतिहासातली ती तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती. तिथे त्याच्याच वसाहतीत वाढलेला, वयाने लहान पण यशाने खूप पुढे गेलेला डेव्हिड रोकासल होता. राइट मजुरी करत होता तेव्हा रोकासल त्याला खेळ सोडू नकोस म्हणून बजावत असे. हे दोघे केवळ एक मोसम एकत्र खेळले आणि २००१ मध्ये रोकासल अवघ्या तेहतिसाव्या वर्षी कर्करोगाने गेला. राइट आजही त्याचे नाव काढतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो.

आर्सेनलच्या काळाबद्दल आकडे पुरेसे बोलके आहेत. लीगमधल्या पदार्पणातच साउथहॅम्प्टनविरुद्ध हॅटट्रिक. त्याच मोसमाच्या शेवटच्या दिवशी पुन्हा त्याच संघाविरुद्ध हॅटट्रिक. मोसमात लीगचे २९ गोल आणि गॅरी लिनेकरला एका गोलने मागे टाकून सर्वाधिक गोलांचा मान. सलग सहा मोसम तो क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू राहिला. १९९३ च्या एफए कपमध्ये त्याने अंतिम सामन्यातही गोल केला आणि फेरसामन्यातही. १९९४ मध्ये कप विनर्स कप या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मात्र निलंबनामुळे त्याला मुकावे लागले. त्याचा तापट स्वभाव त्याला महागात पडला, हे त्याच्या चाहत्यांनीही कबूल केले पाहिजे. १३ सप्टेंबर १९९७ रोजी बोल्टनविरुद्ध हॅटट्रिक करून त्याने क्लिफ बॅस्टिनचा आर्सेनलसाठी १७८ गोलांचा विक्रम मोडला. पहिल्या गोलने विक्रमाशी फक्त बरोबरी झाली होती, तरी त्याने सदरा वर करून आतला १७९ चा मजकूर दाखवला. काही मिनिटांत अगदी रेषेजवळून दुसरा गोल करून त्याने तो मजकूर खराही केला. एकूण २८८ सामने आणि १८५ गोल. २००५ मध्ये थिएरी ऑन्रीने तो विक्रम मागे टाकला.

इंग्लंडसाठी मात्र ३३ सामने आणि केवळ ९ गोल, आणि त्यांतले चार सान मारिनोसारख्या दुबळ्या संघाविरुद्ध. हे आकडे दाखवून त्याला दुय्यम ठरवणाऱ्यांशी माझा वाद आहे. पहिला सामना मिळाला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. लीगमध्ये सर्वाधिक गोल करूनही इंग्लंडचे तेव्हाचे व्यवस्थापक ग्रॅहम टेलर यांनी त्याला १९९२ च्या युरो स्पर्धेसाठी नेले नाही. १९९४ च्या विश्वचषकाला इंग्लंड पात्र ठरले नाही, १९९६ च्या युरो संघात त्याला जागा नव्हती आणि १९९८ च्या विश्वचषकाआधी तो जायबंदी झाला. ऑक्टोबर १९९७ मध्ये रोमला इटलीविरुद्ध आघाडीला खेळून त्याने बचावपटूंना ज्या प्रकारे शेवटपर्यंत दमवले, ते पाहिल्यावर निदान एक मोठी स्पर्धा तरी त्याच्या वाट्याला यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. खेळाडूचे सर्वांत ताजे असे जे चार-पाच मोसम असतात ते लंडनच्या बांधकामांवर गेले, आणि त्यांची भरपाई कुठल्याही जिद्दीने झाली नाही.

म्हणून ‘संघर्षामुळेच तो मोठा झाला’ हे वाक्य मला अन्यायाचे वाटते. ते वाक्य छळ करणाऱ्याला श्रेय देते आणि पिग्डेन सरांचे, प्रेन्टिसचे, कॉपेलचे श्रेय काढून घेते. शिवाय त्याच वसाहतीत, तितकेच सोसून, असा एकही माणूस न भेटलेली किती मुले असतील, याचा विचारच त्यामुळे थांबतो. इंग्लंडमधले क्लब आजही सोळा-सतराव्या वर्षी बहुसंख्य मुलांना निरोप देतात. त्यांतला कोण बाविसाव्या वर्षी राइट झाला असता, हे तपासण्याची पुरेशी व्यवस्था नाही.

स्वतः राइटला हे कळले आहे, असे त्याच्या निवृत्तीनंतरच्या वागण्यावरून दिसते. ज्या ‘मॅच ऑफ द डे’समोर त्याला भिंतीकडे तोंड करावे लागत असे, त्याच कार्यक्रमात तो अनेक वर्षे विश्लेषक म्हणून बसला आणि २०२४ मध्ये स्वखुशीने बाजूला झाला. या काळात महिला फुटबॉलसाठी तो सातत्याने बोलत राहिला. २०२२ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडच्या महिलांनी उपांत्य सामन्यात स्वीडनला ४-० हरवले त्या रात्री, सगळे विजयाबद्दल बोलत असताना, त्याने विषय शाळेच्या मैदानावर नेला: एवढे झाल्यावरही मुलींना मुलांप्रमाणे शाळेत फुटबॉल खेळू देणार नसाल, तर आपण नेमके करतो आहोत तरी काय, असा त्याचा सवाल होता. त्या संघाने स्पर्धा जिंकल्यानंतर हीच मागणी पंतप्रधानपदाच्या शर्यतीतल्या उमेदवारांना पत्राने कळवली आणि मार्च २०२३ मध्ये सरकारने मुलींना शाळेत खेळाची समान संधी देण्याचे जाहीर केले.