वाव नसलेला धनुर्धर

गेल्या रविवारी जळगावातील एका क्रीडासाहित्याच्या दुकानात मी दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि शेजारचा शिंपी टेप लावून माझी वाव मोजत होता. मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ती ६० इंच भरली, आणि त्याने सवयीने विचारले, "साहेब, बाही फुल की हाफ?"

हे मोजमाप धनुष्य घेण्याआधी व्हायला हवे होते. आदल्या दिवशी मी २८ हजार रुपये मोजून धनुष्य घरी नेले आणि मोजमाप झाले ते दुसऱ्या दिवशी धनुष्य परत आणल्यावर, हेच माझे दुखणे आहे. २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या, तिरंदाजीत जगज्जेते झाले, तेव्हापासून माझ्या मनाने घेतले होते की आता खान्देशनेही काही केले पाहिजे. ते मीच करावे, असे मात्र कोणी सुचवले नव्हते.

वाव भागिले अडीच, हा ओढीची लांबी, म्हणजे दोरी किती मागे ओढायची ते, काढण्याचा ढोबळ हिशेब आहे. त्याप्रमाणे माझी ओढ २४ इंचांची आणि दुकानदाराने दिलेले धनुष्य २९ इंचांवर बसवलेले. साधे धनुष्य जितके जमेल तितके ओढता येते, पण कंपाउंडचे कॅम, म्हणजे ती टोकांची चाके, दोरी ठरलेल्या लांबीपर्यंत पोहोचल्याशिवाय दया दाखवत नाहीत. ५० पौंडांचे धनुष्य पूर्ण ओढल्यावर त्यातला ८० टक्के भार कॅम स्वतःवर घेतात आणि बोटांना १० पौंडच उरतात. हे सुख २९ इंचांवर वाट पाहत असते, आणि माझा हात २४ वर संपतो. निवृत्तीनंतर लागू होणाऱ्या वेतनवाढीसारखी ही सोय आहे. शिवाय बाण न लावता दोरी सोडली तर धनुष्याच्या पात्यांना तडा जाऊ शकतो, म्हणून रागाच्या भरात ती नुसती सोडून देण्याचीही मुभा नाही.

दुकानदार म्हणाला, "सर, वापरून सैल होईल." जणू ती चप्पल होती. वास्तविक चप्पल घेतानाही हा गृहस्थ नंबर विचारत असेल.

तेवढ्यात नातवासाठी कॅरमचा स्ट्रायकर घ्यायला आलेले पारोळ्याकडचे एक टोपीवाले बाबा पुढे झाले. "हाई काय शे, भाऊ? डुकरं हाकलाले का?" मी खेळाचे आहे म्हटल्यावर त्यांनी एकदा धनुष्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "तुम्हना हात आखूड शेतस." मग त्यांनी कॅमवरून बोट फिरवत, ही चाके कशाला, यात तेल घालतात का, गाडीखाली आले तर काय होईल, अशी चौकशी केली आणि शेवटी दुकानदाराला सुनावले की, जू मानेवर बसत नसेल तर जू बदलावे, बैलाची मान ताणू नये. मला बैलाची उपमा मिळाली होती, तरी त्या दुकानात माझ्या बाजूने बोलणारा हा एकच माणूस होता, म्हणून मी आदराने मान हलवली.

दुकानदाराने देवाच्या तसबिरीखालच्या पाटीकडे बोट दाखवले. विकलेला माल परत घेतला जात नाही. ओढ कमी करणारा सुटा भाग मागवावा लागेल, तो कधी येईल ते सांगता येत नाही आणि तोही या कॅमला २६ इंचांपर्यंतच नेतो. माझ्या बाजूने आणखी दोन इंच वाढण्याची काही तजवीज कोणाकडे नव्हती. मराठीत पसरलेल्या हातांमधले अंतर म्हणजे वाव आणि संधी म्हणजेही वाव. माझी पहिली तोकडी निघाल्याने दुसरा उरला नाही.

बाबांनी मला बाहेर गाठले. त्यांचा पुतण्या सहा फुटी आहे, त्याला शोभेल, म्हणून एक बोकड आणि वर दोन हजार, असा सौदा त्यांनी मांडला. मी दुखावून नाही म्हटले, आणि शिंप्याने मापाचे वीस रुपये मागितले ते दिले.

काल त्यांचा फोन आला. बिलावरचा माझा नंबर दुकानदाराने उदारपणे देऊन टाकला होता. बोकड विकला गेला आहे. दोन हजार अजून तयार आहेत.