न आलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी

पहिली गोष्ट म्हणजे कॅमेरा घेऊ नका. घेतलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढावे लागतात, काढलेले फोटो चारचौघांत दाखवावे लागतात, आणि मग चारचौघं बोलतात. त्यापेक्षा यायच्या कॅमेऱ्याची वाट बघावी. त्यातही डिजिटल रेंजफाइंडरची, म्हणजे वरच्या खिडकीतून बघून हाताने फोकस करायच्या, बिनफिल्मच्या कॅमेऱ्याची. हा प्राणी चार-पाच वर्षांतून एकदा येतो, येतो तेव्हा परवडत नाही, आणि परवडेलसं वाटायला लागेपर्यंत पुढचा येत असल्याची कुणकुण लागते. लायका या जर्मन कंपनीचा एम ११ हा २०२२ साली आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ८,९९५ डॉलर होती. ही नुसती बॉडी, लेन्स वेगळी. या आकड्याचे रुपये मनातल्या मनात करावेत. स्वयंपाकघराच्या जवळपास उभं राहून मोठ्याने करू नयेत.

नुसती वाट बघणं मात्र कमी दर्जाचं. एसटी स्टँडवरही लोक वाट बघतात. जाणकाराची वाट बघायची पद्धत म्हणजे कॅमेरा यायच्या आत त्याच्याबद्दल तक्रार तयार ठेवणं. तक्रार निवडताना घाई करू नका. मेगापिक्सेलवर बोलावं तर एम ११ मध्ये सहा कोटी पिक्सेल आहेत आणि तुमच्या घरात सगळ्यात मोठा छापलेला फोटो आजोबांचा, तोही हार घातलेला. लेन्सवर बोलावं तर कुणीतरी विचारतं, "तुमच्याकडे कुठली आहे?" बॅटरी सगळ्यात सोयीची. बॅटरीवर बोलायला कॅमेरा लागत नाही, लेन्स लागत नाही, फोटो तर मुळीच लागत नाहीत. चेहरा थोडा काळजीतला ठेवून "बाकी सगळं ठीक आहे हो, पण बॅटरीचं काय?" एवढं म्हटलं की कट्ट्यावर चहाचा दुसरा राउंड नक्की.

त्यासाठी थोडा इतिहास तोंडपाठ हवा. २००४ साली एप्सनने आर-डी१ नावाचा पहिला डिजिटल रेंजफाइंडर काढला. साठ लाख पिक्सेल, आणि वरच्या बाजूला घड्याळासारखी चकती. तिच्यातला एक काटा फक्त बॅटरी किती उरली ते दाखवायचा. प्रत्येक फोटोआधी अंगठ्याने दांडी ओढून शटर भरावं लागे, फिल्म नसताना. हे सांगताना डोळे अर्धवट मिटावेत. मग २००६ चा लायका एम ८. त्याच्या सेन्सरला (फिल्मच्या जागी जो प्रकाश टिपतो त्याला) इन्फ्रारेड किरणं जरा जास्तच दिसायची, त्यामुळे काळं सिंथेटिक कापड फोटोत जांभळट यायचं. शेवटी कंपनीने गिऱ्हाइकांना दोन-दोन फिल्टर फुकट दिले. तो कॅमेरा घेऊन त्या काळात कुणी शिवाजीनगर कोर्टाच्या दारात उभं राहिलं असतं, तर अख्खा वकीलवर्ग वांग्याच्या रंगात आला असता. २००९ ला एम ९ आला, फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. तो पटकन उरकावा, कारण आपला खरा विषय २०१३ पासून सुरू होतो.

लायकाच्या २०१३ च्या मॉडेलात, ज्याला लोक टू-फॉर्टी म्हणतात, १८०० एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) बॅटरी होती. जाणकारांनी कॅमेरा हातात घेतला (किंवा हातात घेतलेल्याचं वर्णन वाचलं) आणि कपाळाला हात लावला: जाडा झाला! २०१७ ला एम १० आला, चांगला चार मिलिमीटर बारीक. जाणकारांच्या डोळ्यांत पाणी. मग कळलं, अंग उतरवताना बॅटरीही उतरवली आहे. पुन्हा कपाळाला हात. २०२२ च्या एम ११ मध्ये बॅटरी ६४ टक्क्यांनी वाढवली. किती झाली? १८०० एमएएच. नऊ वर्षांत माणूस पुण्याहून निघाला आणि व्हाया स्वारगेट पुण्यातच आला. तुम्ही मात्र दोन्ही तक्रारी जवळ बाळगा. समोरचा जाडीवर बोलला तर बॅटरीवर या, बॅटरीवर बोलला तर जाडीवर.

एम ११ ने आणखी एक घोळ केला. त्याआधी बॅटरी बदलायची तर कॅमेऱ्याची अख्खी तळपट्टी काढावी लागे. डावा हात कॅमेऱ्याला, उजवा बॅटरीला, तळपट्टी दातात. चारचौघांत करायची ही एक कसरत होती, आणि तिच्याबद्दल लोक पंधरा वर्षं बोटं मोडत होते. एम ११ ने तळपट्टीच काढून टाकली, बॅटरी खालून थेट सुटते. झालं, तेच लोक तळपट्टीच्या आठवणीने हळवे झाले. सासूबाई गेल्यावर त्यांच्या खोकल्याची आठवण यावी तसे.

आता आकडे. सिपा नावाची जपानमधली कॅमेरा कंपन्यांची संघटना आहे, तिने बॅटरी मोजायची एक ठरीव चाचणी घालून दिली आहे. त्या चाचणीत एम १० ला साधारण २१० फोटो मिळतात, एम ११ ला ७००. एकही फोटो न काढता "दोनशे दहा म्हणजे काहीच नाही" हे वाक्य ठामपणे म्हणता आलं पाहिजे. आरशासमोर सराव करा. कुणी म्हणालंच की प्रत्यक्षात यापेक्षा बरेच जास्त निघतात, तर चाचणीच्या अटी काढायच्या. दर दहा फोटोंनी कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करायचा. आणि तापमान २३ अंश. पुण्यात २३ अंश कधी मिळतात? जुलैतल्या पहाटे, संततधार लागलेली असताना, म्हणजे जेव्हा इतका महागाचा जिन्नस कपाटाबाहेर काढायची कुणाची छाती नसते. नाहीतर एटीएमच्या खोलीत. तिथेही फोटो काढू देत नाहीत.

लडाख विसरू नका. "उणे दहात किती टिकेल?" हा प्रश्न दर बैठकीत एकदा आलाच पाहिजे. थंडीत लिथियमची बॅटरी लवकर मान टाकते, हे खरं आहे. तुमची थंडी म्हणजे गेल्या डिसेंबरात सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, आणि तेव्हाही मोबाईल गाडीतच राहिला होता, ही वेगळी गोष्ट.

घरच्यांना विषय समजावून देताना सांभाळा. मी एकदा रात्री जेवताना बायकोला रेंजफाइंडर समजावून दिला. (बायकोच्या जागी नवरा वाचायला हरकत नाही, पण ही लागण मला तरी पुरुषांतच जास्त आढळली आहे.) वाटी आणि तिचं झाकण घेऊन सांगितलं: दोन खिडक्या असतात, एका खिडकीतून सरळ दिसतं, दुसरीतली प्रतिमा आरशावरून मधल्या चौकोनात येते. लेन्स फिरवली की आतली एक छोटी दांडी हलते आणि ती दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही एकमेकींवर चपखल बसल्या की फोकस झाला. सगळं यांत्रिक.

तिने आमटी वाढता वाढता विचारलं, "मग त्यात बॅटरी कशाला लागते?"

या प्रश्नाला उत्तर देऊ नका. उत्तर दिलंत की गेलात. १९५४ च्या लायका एम ३ मध्ये बॅटरी नव्हतीच, आजही तो चालतो. १९८४ च्या एम ६ मध्ये आहे, पण ती फक्त प्रकाश मोजायला. संपली तरी शटर पडतं. डिजिटलमध्ये तिला खातात सेन्सर, आतला प्रोसेसर आणि मागचा स्क्रीन, आणि स्क्रीन का खातो, तर फोटो काढला रे काढला की आपली मान खाली जाते म्हणून. लायकाने स्क्रीन नसलेलेही काढून पाहिले, जसा २०१६ चा, २०१८ चा. हे सगळं बायकोला सांगितलं तर ती म्हणेल, "मग मान खाली घालू नकोस." इतक्या स्वस्तात प्रश्न सुटायला लागले तर आपण बोलायचं कशावर? म्हणून "तुला नाही कळायचं" असं म्हणून भात घ्यावा. ताकही आपल्याच हाताने घ्यावं लागेल, याची तयारी ठेवावी.

सल्लागार भरपूर भेटतील. आमच्या सोसायटीत एक निवृत्त काका आहेत, ते भेटतील त्याला सांगतात की बॅटरी पूर्ण उतरवायची, शून्यावर आणायची, मगच चार्जिंगला लावायची. हा नियम निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला शून्यावर नेणंही मानवत नाही, आणि शंभर टक्के भरून उन्हात तापलेल्या गाडीत ठेवणं तर अजिबातच नाही. बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्म्यावर भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. ही माहिती बरोबर आहे, म्हणून कुणाला सांगू नका. काकांशी वाद सुरू राहिला पाहिजे.

पुढची पायरी, जादाची बॅटरी. कॅमेरा आल्यावर बॅटरीचा तुटवडा होतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असतं. तेव्हा आधीच जाऊन ठेवा. मी गेलो होतो. शहरातलंच एक जुनं दुकान, काचेच्या कपाटात फ्लॅशगन, त्यांच्यावर धूळ, गल्ल्यावर सत्तरीचे मालक. नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नाही.

"बॅटरी हवी होती. जादाची."

"कुठल्या कॅमेऱ्याची?"

"यायचाय."

"कुरियरने?"

"नाही, म्हणजे कंपनीनेच अजून काढला नाहीये."

मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला. मला नीट पाहून घेतलं. मग आतल्या पोऱ्याला हाक मारून म्हणाले, "अरे, यांना पाणी दे." आणि माझ्याकडे वळून, अगदी मायेने: "साहेब, पाळणा घेतलात, बारशाचे पेढे सांगितलेत. आता एखादी मुलगी बघून घ्या."

असल्या माणसांमुळे मराठी माणसाचा धंदा मागे राहतो, असं मी बाहेर पडल्यावर स्वतःशी म्हटलं. तुम्हीही म्हणा. बरं वाटतं. घरी पोचेपर्यंत टिकतं.

जुन्या आठवणींपासून लांब राहा. मागच्या दिवाळीत माळा आवरताना मला आईचा आग्फा क्लिक थ्री सापडला, बडोद्याला बनलेला, कातडी कव्हरचं बटण तुटलेलं. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. बॅटरी घालायला त्यात जागाच नाही. बारा फोटो आमच्या घरात गणपतीपासून संक्रांतीपर्यंत पुरायचे. बाराव्याला आई हात लावू द्यायची नाही; "कुणी आलं-गेलं तर असावा." त्या बाराव्यासाठी आत्या नाशिकहून यायची होती, तीन महिने आली नाही, आणि शेवटी तो फोटो दुधाच्या हिशेबाचं कार्ड हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या गवळ्याचा निघाला, कारण रोल धुवायला द्यायचा होता. अल्बममध्ये आज तो एकच फोटो असा आहे, ज्यात कुणी सावधान उभं नाही. असलं काही सापडलं की चटकन कव्हर लावून माळ्यावर टाकावं. दोनशे दहा कमी पडतात हा मुद्दा त्याने कमकुवत होतो.

दरम्यान २०२५ च्या ऑक्टोबरात लायकाने एम मालिकेतच असा कॅमेरा काढला, ज्यातून रेंजफाइंडरच काढून टाकलाय. खिडकीत इलेक्ट्रॉनिक पडदा. रेंजफाइंडरची बॅटरी संपली तरी त्याच्या खिडकीतून दिसतं, फोकससुद्धा होतो. फोटो तेवढा निघत नाही. या नव्यात बॅटरी संपली की अंधार. याला एम म्हणायचं की नाही यावर आमच्या कट्ट्यावर दिवाळीनंतरचे सगळे रविवार गेले. त्या काळात कुणीही एकही फोटो काढल्याचं ऐकिवात नाही. आदर्श स्थिती म्हणतात ती हीच.

शेवटी एक प्रयोग सांगतो, तो अनंत चतुर्दशीला करायचा. दोनशे दहा फोटो एका मिरवणुकीला पुरतात का, याचा अंदाज कॅमेरा न घेताही काढता येतो. सकाळी मंडईत टिळकांच्या पुतळ्यापाशी जाऊन उभं राहावं. खिशात कागद, पेन. आपण जिथे जिथे फोटो काढला असता, तिथे एक रेघ. दर दहा रेघांनी डोळे मिटून पुन्हा उघडायचे, कारण सिपा.

मी केला. कसबा गणपतीची पालखी दिसली, चार रेघा. ढोल सुरू झाला, टिपरू वर गेलं की एक, खाली आलं की एक. ध्वज नाचवणारी एक मुलगी, नऊवारी आणि डोळ्याला गॉगल, तिच्यावर अठरा गेल्या. माझ्याशेजारी एक पोरगा मोबाईल उंच धरून उभा होता, दोनदा म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का, तुमचा कागद येतोय मध्ये." मी त्याला सिपाची चाचणी समजावून द्यायला गेलो, तर ताशा कडाडला. जेमतेम बेलबाग चौक आला, पालखी लक्ष्मी रस्त्याला वळली आणि दोनशे दहावी रेघ पडली. तांबडी जोगेश्वरी मागे होती. गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, सगळे यायचे होते. मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालणार होती. पण नियम म्हणजे नियम. मी पेनाला टोपण लावलं, गर्दीतून वाट काढत मागे फिरलो.

दार बायकोने उघडलं. "इतक्यात आलास?"

"बॅटरी संपली."

"असं कसं? आत्ता तर फोन लागत होता."