फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला लावू नका

बाई माहिती भरायला ऑफिसात गेल्या, गुरुजींना केंद्रावरून फोन आला, की मॉनिटर फळ्यापाशी उभा राहतो आणि कोपऱ्यात नावं चढायला लागतात. जो बोलेल त्याचं नाव. पुन्हा बोलला तर नावापुढे फुली. कितीतरी प्राथमिक शाळांत हे आजही रोज चालतं. ही पद्धत बंद झाली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तिच्याऐवजी वर्गात काय करता येतं तेही मी इथे लिहिणार आहे. पोस्ट लांब आहे. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांनी वेळ काढून वाचावी ही विनंती.

आधी या पद्धतीने होतं काय ते बघा. नावं रोज त्याच चार-पाच पोरांची येतात. मॉनिटरच्या मैत्रिणीचं नाव कधी येत नाही आणि ज्याच्याशी सकाळी पाण्याच्या टाकीवर भांडण झालं त्याचं हमखास येतं. पेन्सिल दिली, चिंच दिली, की नाव पुसलंही जातं. सात वर्षांच्या लेकराच्या हातात आपण पोलिसाचं काम देतो आणि बाकीच्यांना शिकवतो की वर्गात बोलणं हा गुन्हा आहे. मग भाषेच्या तासाला आपणच म्हणतो, "अरे बोला ना, कुणीच कसं बोलत नाही?"

शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी छडी सोडली, हे चांगलंच झालं. पण अख्ख्या वर्गासमोर एखाद्याचं नाव दिवसभर फळ्यावर ठेवणं हाही लेकरासाठी त्रासच आहे. घरी जाऊन ते सांगत नाही एवढंच.

आता मूळ मुद्दा. लहान मुलांचा वर्ग शांत बसवायचा नसतो, कामाला लावायचा असतो. हात रिकामे राहिले की गोंधळ होतो, आणि हात रिकामे राहण्याच्या वेळा ठरलेल्या असतात: हजेरी चालू असताना, एक विषय संपून दुसरा सुरू होताना, आणि कुणाचं तरी काम बाकीच्यांच्या आधी आटोपल्यावर. या वेळा सांभाळल्या की उरलेला दिवस पुष्कळ सोपा जातो.

हजेरीचंच घ्या. आपण एकेक नाव पुकारतो, पोरं "हजर" म्हणतात, आणि ज्याचं नाव झालं तो मोकळा होतो. पहिलीत नाव पुकारण्याऐवजी नावाच्या पट्ट्या करा. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा चालतो. दाराजवळ पट्ट्यांची टोपली ठेवा आणि भिंतीवर एक दोरी बांधा. आल्यावर ज्याने त्याने आपली पट्टी शोधून चिमट्याने दोरीला लावायची. सुरुवातीला पोरं पट्टीवरच्या चित्रावरून ओळखतात, म्हणून नावाशेजारी फूल, बैल, विळा असं काहीतरी काढून द्या. दिवाळीच्या आधीच चित्र झाकलं तरी नाव ओळखायला लागतात, आणि आपलंच नाही, शेजारणीचंही. टोपलीत उरलेल्या पट्ट्या वाचून आज कोण आलं नाही ते पोरंच सांगतात. आले किती, राहिले किती, मिळून पट किती, हे गणित त्यातच होऊन जातं. हजेरीपत्रक तुम्ही दोरीकडे बघून भरा.

दुसरी वेळ, विषय बदलण्याची. पुस्तकं आत, वह्या बाहेर, पट्टी कुठाय, रबर कुणी घेतलं. इथे आपण ओरडतो. पोरांच्या आवाजावर आपला आवाज चढवला की पोरं आणखी चढवतात. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती पावसाची टाळी. काही न बोलता उभं राहायचं आणि एका बोटाने तळहातावर टाळी सुरू करायची. समोरची दोन-चार पोरं लगेच लागतात. मग दोन बोटं, तीन, चार, आणि पूर्ण हात. आता वर्गभर धो धो पाऊस. मग परत चार, तीन, दोन, एक. शेवटच्या एका बोटाला आवाज इतका बारीक असतो की तो ऐकायला सगळे आपोआप गप्प होतात. त्या क्षणी हळू आवाजात पुढची सूचना द्यायची, आणि एकच द्यायची. "वही काढा" म्हणजे वही काढा. तारीख टाका, समास आखा, पान अमुक उघडा, हे सगळं एका दमात सांगितलं तर पहिलीच्या पोराच्या हाती फक्त शेवटचं लागतं.

आणि तिसरी वेळ. "बाई, झालं!" प्रत्येक वर्गात अशी दोन-तीन हुशार लेकरं असतात. त्यांचं झालं, की ती शेजाऱ्याला कोपर मारतात, आणि आपण त्यांना म्हणतो, हाताची घडी तोंडावर बोट. म्हणजे लवकर काम केल्याची शिक्षा! त्यांच्यासाठी वर्गात एक कोपरा हवाच. त्यात चित्रांच्या चिठ्ठ्या, अक्षरकार्डं, मणी आणि दोरा, जुने "किशोर"चे अंक. बालभारती १९७१ पासून हे मासिक काढते, जुन्या अंकांचा गठ्ठा शाळेच्या कपाटात बहुतेक ठिकाणी पडून असतो. तो कपाटातून काढा. फाटला तर फाटू द्या, चिकटपट्टी स्वस्त असते. "झालं" म्हणणाऱ्याने न विचारता कोपऱ्यात जायचं, एवढा एकच नियम.

माझ्यासारख्या अनेकांकडे एका खोलीत दोन इयत्ता असतात. साठपर्यंत पट असेल तर कायद्याने दोन शिक्षक, म्हणजे पहिली ते चौथीच्या शाळेत प्रत्येकाकडे दोन वर्ग आलेच. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी एका वर्गाला हाताने करायचं काम द्या, ते रुळलं की मगच दुसऱ्या वर्गाला शिकवायला बसा. उलटं केलं की निम्मा वर्ग वाऱ्यावर.

दुसरीसाठी शब्दडोंगर हे माझं आवडतं काम. एक शब्द द्यायचा आणि प्रत्येक ओळीत एकेक शब्द वाढवत डोंगर उतरायचा. एका मुलीने स्लेटवर लिहिलेला डोंगर असा होता:

पाऊस
पाऊस आला
पाऊस आला रात्री
पाऊस आला रात्री आणि
पाऊस आला रात्री आणि आमची
पाऊस आला रात्री आणि आमची चूल
पाऊस आला रात्री आणि आमची चूल विझली

पुस्तकातल्या कुठल्या स्वाध्यायाने हे वाक्य तिच्याकडून आलं असतं? तिने ते मोठ्याने वाचलं तेव्हा बाकीच्यांनाही आपापल्या घरचा पाऊस सांगायचा होता. वर्गात आवाज झाला का? झाला. व्हायलाच हवा होता.

गणितात चिंचोके आणि काड्या. मूठभर चिंचोके घ्या, किती असतील ते आधी सांगा, मग मोजा, दहा-दहाचे ढीग करा. जोडीने करायचं, एक दुसरीचा आणि एक पहिलीचा. वजाबाकीत हातचा जिथे अडतो तिथे काड्यांचे गठ्ठे काढा. ५२ मधून १७ वजा करायचे, तर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडायच्या. सात काड्या द्यायच्या आहेत, सुट्या दोनच. मग? पोरं स्वतःच म्हणतात, "गठ्ठा सोडू का?" गठ्ठ्याचं रबर निघतं, सुट्या बारा होतात, त्यातल्या सात जातात, पाच उरतात, चार गठ्ठ्यांतला एक जातो, तीन उरतात. पस्तीस. हे ज्याने हाताने केलं त्याला फळ्यावरचा "शेजारून घेतला" कळतो. नुसतं फळ्यावर दाखवलेल्याला तो मंत्र वाटतो.

साहित्याला पैसे नाहीत असं आपण म्हणतो, आणि शाळेला मिळणारं अनुदान तुटपुंजं आहे हे खरंच आहे. पण बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं, तेव्हा त्यांच्याकडे तरी काय होतं? शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. गुरं राखणारी पोरं शाळेत येऊ शकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी कुरणातच शाळा नेली. पोरांना आपल्या वेळापत्रकात बसवण्याआधी त्यांचा दिवस कसा जातो ते त्यांनी पाहिलं. आज प्रशिक्षणात आपल्याला जे नव्याने सांगतात, त्यातलं पुष्कळ या बायकांनी आपल्याच मातीत करून ठेवलंय.

हे मी बीड जिल्ह्यातून लिहितेय म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. दिवाळीनंतर आमच्याकडची काही पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण सगळी नाही. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, जागा बदललेल्या असतात, आणि हीच पोरं मग "त्रास देणारी" ठरतात. आमच्या दोरीवर गेलेल्या पोरांच्या पट्ट्या बाजूला तशाच लावलेल्या राहतात. परत आलेलं लेकरू दारातून आधी तिकडे बघतं. पहिला आठवडा त्याला पुस्तक नको. त्याला बोलू द्या. कारखाना, कोपी (तोडीवरची झोपडी), बैलगाडी, उसाची मोळी, सगळं त्याला माहीत असतं आणि वर्गातल्या बाकीच्यांना नसतं. त्यातूनच शब्द घ्या, त्यातूनच मोळ्यांची बेरीज करा.

एका जागी न बसणाऱ्या मुलाबद्दल पालक येऊन सांगतात, "बाई, खुशाल मारा, आमचं काही म्हणणं नाही." त्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांनी स्वतः मार खाल्लेला असतो. मी त्यांना वर्गात दहा मिनिटं बसवते आणि तो मुलगा साहित्य वाटताना, झाडांना पाणी घालताना कसा वागतो ते बघायला सांगते. त्याला हलायचंच आहे, तर हलण्याचं काम द्यावं. मॉनिटर एकच कशाला हवा? फळा पुसणारे, साहित्य वाटणारे, पाणी बघणारे, कोपरा आवरणारे, अशी कामं ठेवा आणि दर सोमवारी बदला. पटावरच्या प्रत्येकाला प्रत्येक काम मिळालं पाहिजे, न बोलणाऱ्या मुलीलाही.

तपासणीला येणाऱ्या साहेबांना, मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे. दारातून आवाज ऐकून "वर्गावर नियंत्रण नाही" असा शेरा मारू नका. आत या, खाली सतरंजीवर बसा, पोरं काय बोलतायत ते ऐका. काड्या मोजताना होणारा आवाज आणि मारामारीचा आवाज वेगळा असतो, तो पाच मिनिटांत ओळखता येतो. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान २०२१ मध्ये सुरू झालं आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हिशेब यावा, असं उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंतचं ठेवलं. बोलायला बंदी असलेल्या वर्गात ते कसं गाठणार?

आणि शिक्षण परिषदेबद्दल, म्हणजे आमच्या केंद्रातल्या (जवळच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांच्या बैठकीबद्दल. दर महिन्याला आपण एकत्र येतो, सूचना ऐकतो, फोटो काढतो, घरी येतो. त्याऐवजी ज्या शाळेत परिषद आहे तिथल्या एका वर्गात सगळ्यांनी अर्धा तास मागे बसून चालू तास पाहावा आणि मग त्यावर बोलावं. पहिला वर्ग माझा घ्या असं मी आमच्या केंद्रप्रमुखांना कळवलं आहे. चौथ्या शनिवारी परिषद आमच्याच शाळेत आहे. पहिली-दुसरीला त्या दिवशी काड्यांची वजाबाकी असेल.