गणितात पैकीच्या पैकी हवेत? मग गणित सोडून हे करा

परवा सहामाहीच्या उत्तरपत्रिका घरी आल्या. माझी भाची नववीत आहे, गोव्यात फोंड्याजवळच्या एका शाळेत. शाळेचं नाव नको, गाव लहान आहे. रीत बरोबर, उत्तर बरोबर, गुण गायब. तेव्हा इतर मुलांचं तरी भलं व्हावं म्हणून हे सल्ले.

सातावर आडवी रेघ मारायची नाही. घरात लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेले आजोबा असतील तर अभ्यासाच्या वेळी त्यांना बाहेर बाल्कावर, दारापुढच्या बाकावर, बसवा. पोर्तुगीज आमदानीतली ही माणसं साताला रेघ देत आणि दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम. १९६१ साली राज्य गेलं, हाताची सवय राहिली आणि नातवंडांनी ती उचलली. त्या रेघेमुळे सात आणि एक यांत घोटाळा होत नाही, हे टीचरना सांगायला जाऊ नका. रेघ म्हणजे खाडाखोड.

चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलात? मग मे महिन्याच्या सुट्टीत हात बदलून घ्या. आपला मराठी चार इंग्रजी आकड्यांना सरावलेल्या टीचरना आठ दिसतो, आपला एक त्यांना नऊ. नाही जमलं तर पालकसभेत 'मराठी माध्यमाची मुलं ना, असंच व्हायचं' हे ऐकायचं आणि चहा पिऊन घरी यायचं.

वर्गमूळाचं छप्पर पट्टीने आखा.

'म्हणून'ची तीन टिंबं प्रत्येक ओळीला द्या. आधीच्या ओळीवरून पुढची निघत नसली तरी द्या.

आता गुणाकार. ऑट्रेड या इंग्रज गणितज्ञाने १६३१ मध्ये गुणाकाराची फुली छापली. १६३७ मध्ये फ्रेंच गणितज्ञ देकार्तने अज्ञात संख्येसाठी एक्स वापरला. हाताने लिहिताना दोन्ही फुल्याच. जर्मन गणितज्ञ लायब्निट्झने १६९८ साली योहान बर्नुली या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रात कळवलं, की ही फुली मला आवडत नाही, एक्सशी घोळ होतो, मी टिंब देतो. आमचे ट्यूशनचे सर हेच सांगतात. भाचीने ऐकलं. तीन एक्समध्ये एक्सची किंमत पाच घालायची होती, तिने नीट मधोमध टिंब देऊन लिहिलं: ३·५ = १५. टीचरनी वाचलं साडेतीन. साडेतीन बरोबर पंधरा! अहो, नववीतली मुलगी असं लिहील? खालची ओळ त्याच पंधरावरून पुढे गेलीय, शेवटचं उत्तर बरोबर आलंय, आणि समासात लाल शाईत 'चिन्ह?' म्हणून दोन गुण कापलेत. विचारायला गेली तर 'उलटं बोलू नकोस'. गेल्या वर्षी हिनेच फुली दिली होती, तेव्हा दुसऱ्या सरांनी ती एक्स म्हणून वाचली. कंस घातले तर 'एवढे कंस कशाला?' फुली नको, टिंब नको, कंस नको, मग पोरीने गुणाकार करायचा तरी कशाने? बोटांनी खुणा करून?

पुरे झाली थट्टा. बरोबरचं चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्डने आणलं, कारण तेच शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता. लिहिणाऱ्याची सोय, एवढाच त्याचा हेतू. टीचर, तुम्ही त्याचा सापळा केलात. तुम्हाला फुली हवी की टिंब, हे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहा, आणि स्टाफरूममध्ये एकत्र बसून सगळ्यांचं एकच ठरवा. अक्षर खरंच लागत नसेल तर खुशाल गुण कापा, एक शब्द बोलणार नाही. पण 'साडेतीन बरोबर पंधरा' असं वाचून ज्यांचा लाल पेन थांबत नाही, त्यांनी पेपर तपासलेलाच नाही. त्यांनी तो नुसता रंगवलाय. पोरांना वेळेचं नियोजन शिकवता ना? मग खालची ओळ वाचण्याएवढा वेळ स्वतःही काढा, आणि ते दोन गुण परत द्या.