पॉज होता तो, काका!

आधीच सांगून ठेवतो, मी वाक्य विसरलो नव्हतो. परवापासून भेटेल त्याला हेच सांगतोय आणि प्रत्येक जण माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणतो, "असू दे रे बाळा, होतं असं." होतं असं काय? झालंच नाही ना!

मी हौशी नाटकात बालकलाकार आहे. वय 13, नाटकातलं वय 8, कारण माझी उंची वाढेना आणि ग्रुपला दुसरं मूल मिळेना. मला दोन सीन, त्यातल्या एकात मी झोपलेला असतो. दुसऱ्यात बाबा बॅग घेऊन घर सोडून निघतात, मी म्हणतो "बाबा", मग पॉज, मग "परत कधी येणार?" बास. हा पॉज पंधरा दिवस घोटलाय. डिरेक्टर म्हणाले, मनात तीन आकडे मोज, सावकाश, नजर बॅगेवर. स्तानिस्लाव्हस्की नावाच्या रशियन दिग्दर्शकाने म्हणे पॉजचे प्रकार सांगितलेत, एक वाक्याचा अर्थ नीट लागावा म्हणून आणि एक मनात काहीतरी चाललंय म्हणून. माझा दुसऱ्यातला.

तर प्रयोगात मी म्हटलं, "बाबा." एक. दोन. आणि विंगेतून खणखणीत, "परत कधी येणार!"

हे आमचे प्रॉम्प्टर काका, नट विसरला की विंगेतून वाक्य सांगणारे. प्रॉम्प्टिंग कसं, नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्वतःला ऐकू येईल इतपत करतात. मी हललो नाही, तिसरा आकडा बाकी होता. तर काका अजून जोरात, "अरे, परत कधी येणार! बोल की!" आणि आमच्या बाबांना क्यू मिळाल्याचा इतका आनंद की तो कुठून आला हे न बघताच त्यांनी उत्तर देऊन टाकलं, "सांगता येत नाही, बाळा." एवढ्यात माझे तीन झाले. मी म्हटलं, "परत कधी येणार?" बाबा म्हणाले, "सांगितलं ना, सांगता येत नाही."

लोक पोट धरून हसले. नाटक गंभीर आहे हो आमचं.

ब्लॅकआउट झाल्या झाल्या मी विंगेत.

"काका, तो पॉज होता."

"कसला पॉज? वहीत नाही." टॉर्च पानावर मारून, "दाखव, कुठंय?"

"डिरेक्टरांनी तालमीत दिलाय. स्तानिस्लाव्हस्की म्हणतो..."

"त्याला म्हणावं, माझ्या वहीत पेन्सिलने लिहून जा. अंधारात मला तुझ्या मनातलं दिसतं का?"

"मग बाबा गप्प झाले तेव्हा का नाही दिलंत?"

"ते अनुभवी आहेत. त्यांचा पॉज असतो. लहान मूल थांबलं म्हणजे विसरलं." वर पाठ थोपटून, "घाबरू नकोस, मी आहे."

हे अनुभवी बाबा दुसऱ्या अंकात दीड पान गाळून थेट भांडणावर गेले, त्याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. झोपेच्या सीनमध्ये मी डोळे मिटून त्यांना दोनदा वाक्य पुरवलंय, त्याला काहीच म्हणत नाहीत. मला अख्खं नाटक पाठ आहे, कारण मला तालमीला सहाला बोलावतात आणि माझा सीन घेतात साडेनऊला, तोवर एका कोपऱ्यात गणितं, समोर कोणीतरी रडायची प्रॅक्टिस करतंय. मोठं कोणी उशिरा आलं की "ऑफिस असतं बिचाऱ्याला". मग माझी शाळा काय टाइमपास आहे? आणि नावाने कोणी हाक मारेल तर शपथ. ए छोट्या, खुर्ची उचल. ए छोट्या, बाजूला हो.

डिरेक्टरांनी समजूत काढली, म्हणे एवढी मोठी नटी एलन टेरी, 1856 मध्ये 9 वर्षांची असताना पहिल्याच प्रयोगात खेळण्यातल्या गाडीच्या दांड्याला अडखळून स्टेजवर उताणी पडली, तिलाही लोक हसले होते. असतील. पण ती स्वतः पडली, मला पाडलंय.

मेकअप पुसत होतो तर एक आजी मुद्दाम आत आल्या. माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "ते पहिल्यांदा 'परत कधी येणार' म्हणालास ना, काळजाला भिडलं बघ. आवाज जरा बसला होता, पण तेच शोभलं."

काका शेजारीच वही आवरत होते. त्यांना ऐकू गेलं नसावं.

मी थँक्यू म्हणालो.